ननु… इति चेत्, न

‘गन्धवती पृथिवी.’ तर्कसंग्रह ही अन्नंभट्टांची न्याय-वैशेषिक दर्शनाची प्रवेशपोथी. तिच्यातली पृथ्वीची व्याख्या एवढीच, दोन शब्दांची. जिच्यात गंध ती पृथ्वी. वळवाची पहिली सर पडून गेल्यावर रंकाळ्याच्या काठानं चालणाऱ्या माणसाला ती समजावून द्यावी लागत नाही. गाईडात ती एका ओळीत उरकते, पुढच्या ओळीत थंड स्पर्शाचं पाणी येतं, मग तेज, मग वायू. सात पदार्थ, नऊ द्रव्यं, चोवीस गुण. विद्यार्थी पाठ करतो, पाच मार्कांची टीप लिहितो आणि न्याय-वैशेषिक म्हणजे जुन्या काळी रद्द झालेलं पदार्थविज्ञान, अशी समजूत घेऊन बाहेर पडतो.

खरी गंमत पुढच्या पानावर असते. अन्नंभट्टांनी आपल्याच ग्रंथावर ‘दीपिका’ नावाची टीका लिहिली. सतराव्या शतकातली. मूळ ग्रंथ ‘बालानां सुखबोधाय’, म्हणजे नवशिक्यांना सहज कळावं म्हणून केला, असं ते आरंभीच सांगतात. दीपिकेत मात्र त्याच दोन शब्दांवर एकामागून एक आक्षेप येतात आणि बहुतेकांची सुरुवात ‘ननु’नं होते. ननु म्हणजे ‘अहो, पण’.

आक्षेप समजायला आधी व्याख्येचे तीन दोष माहीत हवेत. गाईची व्याख्या ‘कपिल रंगाची’ अशी केली तर काळ्या-पांढऱ्या गाई बाहेर राहतात, ही अव्याप्ती. ‘शिंगं असलेली’ म्हटलं तर गंगावेशीत दुधाला उभी असलेली म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. ‘अखंड खुराची’ म्हटलं तर एकही गाय हाती लागत नाही, हा असंभव. व्याख्या टिकायची तर ती या तिन्हींतून सुटली पाहिजे. एवढं हत्यार घेऊन दीपिकेत शिरता येतं.

पहिला आक्षेप. काही अवयव सुगंधी आणि काही दुर्गंधी, अशा अवयवांपासून एक वस्तू बनली. दोन्ही वास एकमेकांना अडवतात, त्यामुळे त्या वस्तूत गंध उपजतच नाही. वस्तू तर पार्थिव आहे. मग व्याख्या तिला लागू पडत नाही, अव्याप्ती झाली. यावर कुणी म्हणेल, अहो, पण तिला वास येतो की! पूर्वपक्षी, म्हणजे आक्षेप घेणारा, म्हणतो, येतो तो अवयवांचा. मग त्या वस्तूत ‘मिश्र गंध’ मानला तर? तो मानलेला नाही. इथं जाणकार वाचक थबकतो, कारण नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे लोक, ‘चित्ररूप’, म्हणजे मिश्र रंग, मान्य करतात. रंगाला एक न्याय आणि वासाला दुसरा, असं का? कारण असं की डोळ्यांना वस्तू दिसायची तर त्या वस्तूत रंग असावाच लागतो. निळ्या-पिवळ्या धाग्यांच्या लुगड्यात स्वतःचा रंगच नाही असं म्हटलं, तर लुगडं दिसतं कसं याचं उत्तर देता येत नाही. नाकाचं तसं नाही. नाकाला वस्तू कधीच कळत नाही, फक्त वास कळतो. म्हणून तिथं मिश्र गंध मानण्याची सक्ती नाही, आणि सक्तीशिवाय नवं काही मानायचं नाही, हा नैयायिकांचा कंजूष बाणा.

दुसरा आक्षेप याहून धारदार. माठ उपजला त्या क्षणाला त्याच्यात गुण नसतात. कारण गुणांचं कारण तो माठच आहे, आणि कारण कार्याच्या आधी असावं लागतं. म्हणजे पहिल्या क्षणी माठ बिनरंगाचा, बिनवासाचा. पुढच्या क्षणी गंध येईल. पण उपजताच फुटलेल्या माठाला हा पुढचा क्षण मिळतच नाही. तो माठ पृथ्वी नव्हे काय?

उत्तर ‘इति चेत्, न’ या तीन शब्दांनी सुरू होतं. ‘असं म्हणाल, तर नाही.’ मग दुरुस्ती येते. ‘गंध असणं’ याचा अभिप्रेत अर्थ असा: जिथं गंध राहतो तिथं राहणारी, आणि द्रव्यत्वाहून लहान अशी जी जाती, ती ज्यात आहे ते. जाती म्हणजे इथं अनेक वस्तूंना एका वर्गात आणणारी सामान्य बाब, जसं सगळ्या द्रव्यांतलं द्रव्यत्व. उपजताच फुटलेल्या माठात गंध नसेल, पण पृथ्वीत्व ही जाती आहे, आणि ती जाती इतर माठांत गंधाबरोबर नांदते. झालं काम. ‘द्रव्यत्वाहून लहान’ ही अट कशाला? कारण द्रव्यत्वही गंधाबरोबर नांदतं. ती अट काढली तर पाणी, वायू, आत्मा सगळेच पृथ्वी होतील.

तिसरा आक्षेप उलट्या बाजूनं येतो. पाण्यालाही वास येतो, मग अतिव्याप्ती. उत्तर असं की तो वास पाण्यात मिसळलेल्या पार्थिव अंशाचा आहे. कशावरून? अन्वय-व्यतिरेकावरून: तो अंश असला की वास असतो, काढला की जातो. पंचगंगेचं पाणी तपासणारी प्रयोगशाळाही वासाचं मूळ असंच, पाण्यात मिसळलेल्या गोष्टींत शोधते.

मग एक आक्षेप असा की तो वाचून हसूच येतं. काळ सगळ्याचा आधार. जे आहे ते काळात आहे, म्हणजे गंधही काळात आहे. तेव्हा ‘गंधवान’ ही व्याख्या काळाला लागू पडली. इतकंच नाही, जगातली प्रत्येक व्याख्या काळाला लागू पडली! उत्तर: ज्या संबंधानं काळ सगळ्याचा आधार होतो तो संबंध वगळून, दुसऱ्या संबंधानं लक्षण राहिलं पाहिजे.

हे चार-पाच ओळींतलं संस्कृत आहे. यातला पृथ्वी-जल-तेजाचा तपशील आजच्या रसायनशास्त्रापुढं टिकत नाही, आणि तो टिकवायला कुणी जाऊ नये. टिकतं ते काम. व्याख्येचा अपवाद कसा शोधायचा, दुरुस्ती केल्यावर नवं भोक कुठं पडतं ते कसं पाहायचं, एका ठिकाणी दिलेली सवलत दुसऱ्या ठिकाणी का नाकारली याचा जाब कसा विचारायचा. तत्त्वज्ञानाच्या कुठल्याही चांगल्या विभागात रोज हेच चालतं.

आणि काम अजून संपलेलं नाही. वरच्या दुरुस्तीवर गुजरीतल्या सराफाच्या दुकानातूनही आक्षेप घेता येतो. नैयायिकांच्या मते सोनं हे तेज आहे, पृथ्वी नव्हे, कारण मुशीत कितीही आच दिली तरी त्याचा पातळपणा जळून जात नाही, तुपाचा जातो. आता सोन्याचा घट घ्या. मातीच्या घटात गंध आहे आणि घटत्वही आहे. म्हणजे घटत्व ही गंधाबरोबर नांदणारी, द्रव्यत्वाहून लहान जाती झाली. तीच सोन्याच्या घटात आहे. मग सोन्याचा घट पृथ्वी ठरला, अतिव्याप्ती! सुटायचे मार्ग दोन. एक, ‘द्रव्यत्वाहून लहान’ ऐवजी ‘द्रव्यत्वाच्या थेट खालची’ जाती घ्यायची, म्हणजे घटत्व आपोआप गळतं. दोन, मातीच्या घटातलं घटत्व आणि सोन्याच्या घटातलं घटत्व ही एक जातीच नाही असं म्हणायचं. परंपरेला दोन्ही वाटा ठाऊक आहेत. दुसरी वाट महाग पडते: नुसत्या आकारावरून जाती ठरत नाही असं एकदा मान्य केलं की मग ती कशावरून ठरते, हे सांगत बसावं लागतं. मला पहिली वाट बरी वाटते, पण तिच्यातही खोच आहे. पृथ्वीत्व हीच जर द्रव्यत्वाच्या थेट खालची जाती, तर व्याख्येत ती आधीच गृहीत धरली, आणि गंध बिचारा नुसता वाट दाखवायला उरला.

हा सगळा वाद आज कुठल्या वर्गात होतो?

तत्त्वज्ञानाच्या विभागात बहुधा नाही. तिथं भारतीय तत्त्वज्ञानाचा पेपर आहे, पण तो सारांशावर चालतो: न्यायाची चार प्रमाणं, सांख्यांची पंचवीस तत्त्वं, शंकरांचं मायावादाचं रूप. संस्कृतच्या विभागात तर्कसंग्रह नेमलेला असतो, पण भर विग्रह, अनुवाद आणि ससंदर्भ स्पष्टीकरणावर. पाठशाळेत पंक्ती, म्हणजे ग्रंथातली ओळन् ओळ, अजून लावली जाते, आणि ती लावणारा पंडित कुठल्याही प्राध्यापकाहून चपळ असतो. पण त्याच्यासमोर रसेल किंवा क्वाइनसारखा पाश्चात्त्य तत्त्वज्ञ कुणी आणत नाही. एकाच पानाच्या तीन चिंध्या तीन टेबलांवर. नेट परीक्षेतही तत्त्वज्ञान आणि संस्कृत हे दोन वेगळे विषय, आणि शंभर प्रश्नांच्या दोनशे मार्कांच्या पेपरात जोड्या लावायच्या म्हटल्यावर कोणता आचार्य कोणत्या मताचा एवढंच लक्षात ठेवणं शहाणपणाचं ठरतं. ‘ननु’ला पर्यायी उत्तरांच्या चार गोलांत जागा नाही.

ही फाळणी आपोआप झालेली नाही. १८५७ नंतरच्या विद्यापीठांत तत्त्वज्ञान म्हणून जे आलं ते इंग्रजीतून आलं, मिल आणि कांट घेऊन. संस्कृत गेलं भाषांच्या खात्यात. शास्त्री मंडळी कॉलेजात आली तीही बहुधा भाषा शिकवायला. परदेशात आणखी वेगळं वळण लागलं: तिथं भारतीय दर्शनं धर्मविभागात किंवा दक्षिण आशिया अभ्यासाच्या खात्यात जाऊन बसली. ऑक्सफर्डच्या ज्या स्पाल्डिंग अध्यासनावर १९३६ साली राधाकृष्णन पहिल्यांदा बसले, त्याचं नावच मुळी पौर्वात्य धर्म आणि नीती यांचं होतं. गंमत म्हणजे त्याच खुर्चीवर १९७६ साली बिमल कृष्ण मतिलाल आले आणि त्यांनी तिथं बसून ज्ञानमीमांसा आणि भाषेचं तत्त्वज्ञान केलं. कलकत्त्यात पंडितांकडे न्याय शिकलेला हा माणूस हार्वर्डला इंगल्सकडे नव्यन्यायातल्या, म्हणजे न्यायाच्या नंतरच्या काटेकोर शाखेतल्या, अभावावर प्रबंध लिहून आला होता. त्यांची पद्धत साधी होती: नैयायिकाला वर्गात उभं करायचं आणि आजच्या प्रश्नावर त्याला बोलतं करायचं. ‘जर्नल ऑफ इंडियन फिलॉसॉफी’ त्यांनीच सुरू केलं. आज इंग्रजीत नव्यन्यायाचा आचार्य गंगेश याच्यावर गंभीर लेख निघतात त्यात त्यांचा वाटा मोठा.

पण बोलतं करताना घोटाळेही होतात. सगळ्यात लाडका घोटाळा गेटियरचा.

१९६३ साली एडमंड गेटियरनं तीन पानांचा एक लेख लिहिला. ‘ज्ञान म्हणजे खरी आणि सकारण समजूत’ ही व्याख्या त्यानं दोन उदाहरणांनी मोडली. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाकडे त्याच धाटणीची उदाहरणं आहेत. एक असं: कुणी मूठ मिटून विचारतो, किती कवड्या? दुसरा अंदाजानं म्हणतो, पाच. मुठीत खरंच पाच निघतात. दुसरं असं: धुकं पाहून त्याला धूर समजून माणूस म्हणतो, तिथं अग्नी आहे, आणि योगायोगानं तिथं अग्नी असतोच. हे आपल्याकडे आणून पाहा. थंडीतल्या पहाटे जोतिबाच्या डोंगरावरून खाली नदीकाठी एक पांढरी रेघ दिसते. पाहणारा म्हणतो, गुऱ्हाळ पेटलंय. रेघ धुक्याची आहे. पण गुऱ्हाळ खरंच पेटलेलं आहे. जाळव्यानं चुलवाणात कोरडं खडखडीत चिपाड घातल्यामुळं धूर दिसण्यासारखा नाही. समजूत खरी, कारणही दिलेलं, तरी याला ज्ञान म्हणायला जीभ रेटत नाही.

एवढं वाचून ‘आमच्याकडे गेटियर आठशे वर्षं आधीच’ असा मजकूर सगळीकडे फिरतो. पण पुढं वाचलं तर चित्र बदलतं. एक तर नैयायिकांचं ‘ज्ञान’ ही मनात साठवलेली समजूत नाही. ती घडणारी, क्षणात उपजून मावळणारी घटना आहे. दुसरं, तर्कसंग्रहात यथार्थ अनुभवाची व्याख्या ‘तद्वति तत्प्रकारकः’ अशी आहे: जे जिथं आहे ते तिथं आहे असा अनुभव. त्यात ‘सकारण’ ही अटच नाही! म्हणजे डोंगरावरच्या माणसाचं ‘तिथं अग्नी आहे’ हे व्याख्येप्रमाणे सरळ यथार्थ ठरतं. चूक झाली ती अलीकडच्या पायरीवर, ‘तिथं धूर आहे’ या परामर्शात. साधन खोटं, फळ खरं, असा हिशेब नैयायिकाला द्यावा लागतो, आणि तो त्याला अवघडच जातो. तिसरं, श्रीहर्षाचा हेतूच निराळा. गेटियरनंतरचे लोक व्याख्येला चौथं ठिगळ शोधत बसले. श्रीहर्ष अद्वैती, त्याला ठिगळ नकोच आहे. प्रमेची, म्हणजे यथार्थ ज्ञानाची, एकही व्याख्या उभी राहत नाही, हेच त्याला दाखवायचं आहे. साम्य आहे, ते मोलाचंही आहे. पण ‘आधी कोण’ या शर्यतीत ते घातलं की श्रीहर्षाचं म्हणणं राहतं बाजूला, आणि त्याला फक्त गेटियरचा आजोबा म्हणून मान मिळतो.

असाच दुसरा घोटाळा व्याप्तीचा, म्हणजे अनुमानाच्या मुळाशी असलेल्या अटळ सोबतीचा. ‘जिथं जिथं धूर तिथं तिथं अग्नी’ हे आधुनिक तर्कशास्त्राच्या चिन्हांत एका ओळीत मांडता येतं, आणि मांडावंही. पण मांडताना काय गळलं याची यादी ठेवावी. गंगेशानं व्याप्तीच्या पाच व्याख्या देऊन पाचही टाकून दिल्या. परंपरेत त्यांना व्याप्तिपंचक म्हणतात. पहिली सांगते, साध्य (जे सिद्ध करायचं ते, इथं अग्नी) जिथं नाही तिथं हेतू (ज्यावरून सिद्ध करायचं ते, इथं धूर) नसणं म्हणजे व्याप्ती. ऐकायला निर्दोष. पण ‘हे शब्दानं सांगता येण्याजोगं आहे, कारण ते ज्ञेय आहे’ असं अनुमान घ्या. शब्दानं सांगता येत नाही असं जगात काहीच नाही, असं न्याय मानतो. मग ‘साध्य जिथं नाही’ ती जागाच सापडत नाही, आणि व्याख्या लटकते. आधुनिक चिन्हांत ही अडचण दिसतच नाही, कारण रिकाम्या वर्गाबद्दलचं विधान तिथं फुकटात खरं ठरतं. कुणाचं बरोबर? इथं खरा वाद सुरू होतो, आणि चिन्हांत उतरवून पुढं गेलेला माणूस त्याला मुकतो.

आता पान वाचायचं कसं, ते. संस्कृत शास्त्रग्रंथात विरामचिन्हं नसतात असं म्हणतात; ती असतात, शब्दांच्या रूपात. ‘ननु’, ‘अथ’, ‘न च’ इथून दुसऱ्याचं बोलणं सुरू. ‘इति चेत्’, ‘इति वाच्यम्’ इथं ते संपलं. ‘न’, ‘तन्न’, ‘मैवम्’ म्हणजे उत्तर. ‘किं च’ म्हणजे आणखी एक. ‘केचित्तु’ म्हणजे कुणाचं तरी मत, बहुधा न पटलेलं. ‘वस्तुतस्तु’ आलं की सावध व्हावं. आतापर्यंतचं उत्तर लेखकालाही पुरतं पटलेलं नव्हतं. पानाच्या झेरॉक्सवर पूर्वपक्ष एका रंगात, सिद्धान्त दुसऱ्या रंगात रंगवून मगच अर्थाला हात घालावा. हे न केल्यानं होणारी चूक ठरलेली आहे: ‘न च’ आणि ‘वाच्यम्’ यांच्यामधलं वाक्य उचलून ते अन्नंभट्टांचं मत म्हणून प्रबंधात येतं. ते त्यांनी खोडलेलं मत असतं.

दुसरी चूक छापील आणि संगणकीय पाठांची. अवग्रहाची एक एवढीशी खूण. ‘ततोऽव्याप्तिः’ म्हणजे व्याख्या अपुरी पडली. स्कॅन करताना अवग्रह गळला की उरतं ‘ततो व्याप्तिः’, म्हणजे सरळ उलटं. ‘नाव्याप्तिः’मध्ये तर दोन नकार एकमेकांना चिकटून बसलेले असतात. ग्रेटिलसारख्या संकेतस्थळांवरचे पाठ शोधाशोधीला उत्तम. पण अर्थ लावताना शेजारी छापील प्रत हवीच. तर्कसंग्रहाची आठल्ये-बोडस यांची १८९७ची मुंबई संस्कृत मालेतली आवृत्ती इंग्रजी टिपांसह आजही कामाची आहे. पारिभाषिक शब्द अडला की भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश. पहिली आवृत्ती १८७५ची. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली १९२८ची. त्यात शब्दाचा अर्थ सापडतोच, शिवाय तो कुठल्या ग्रंथात कसा वळतो हेही कळतं. सुरुवातीला तासाला चार ओळी झाल्या तरी पुष्कळ. याहून वेगानं वाचणारा बहुतेक वेळा अनुवाद वाचत असतो.

नव्यन्यायाच्या भाषेचा धसका घेणाऱ्यांसाठी एकच उदाहरण. ‘जमिनीवर माठ नाही.’ नैयायिक विचारतो: नाही म्हणजे कशाचा अभाव? माठाचा, तो प्रतियोगी. कुठला माठ? एखादा निळा नव्हे, कुठलाच माठ नाही. म्हणून प्रतियोगिता माठपणानं सीमित. कुठल्या संबंधानं नाही? संयोगानं, म्हणजे नुसतं टेकण्याच्या नात्यानं. हा शेवटचा प्रश्न फाजील वाटतो, पण माठाच्या दोन खापरांकडे पाहा. माठ त्या खापरांत समवायानं, म्हणजे अवयवांत वस्तू असते त्या न तुटणाऱ्या नात्यानं, राहतो, संयोगानं नाही. म्हणजे ‘खापरांत माठ नाही’ हे एका संबंधानं खरं आणि दुसऱ्यानं खोटं. संबंध सांगितला नाही तर खरं-खोटं ठरतच नाही. ‘अवच्छेदक’, ‘निरूपक’ या शब्दांचं ओझं वाटतं ते याच तीन प्रश्नांची उत्तरं एका समासात भरल्यामुळं. समास फोडला की उरते चोख हिशेबाची भाषा.

कोल्हापुरात या विषयावर बोलताना आणखी एक ‘ननु’ टाळता येत नाही. हे वाचायचा अधिकार कुणाला होता? वेदोक्त प्रकरण याच गावात घडलं. १९२० साली शाहू महाराजांनी इथंच वैदिक विद्यालय काढून ब्राह्मणेतर मुलांना पौरोहित्य शिकवायची सोय केली. संस्कृत म्हटलं की इथल्या अनेक घरांत आधी तो इतिहास आठवतो, आणि तो आठवणं रास्त आहे. तत्त्वज्ञानाच्या नावाखाली त्या प्रश्नाला बगल दिलेली मला पटत नाही. पण संस्कृतातलं तत्त्वज्ञान म्हणजे एका जातीची किंवा एका धर्माची मिळकत, हेही खरं नाही. याच गावात राजाराम कॉलेजात आ. ने. उपाध्ये १९३०पासून तीन दशकं अर्धमागधी शिकवत होते. कुंदकुंदाचार्यांच्या प्राकृत प्रवचनसाराची, अमृतचंद्रांच्या संस्कृत टीकेसह, त्यांनी केलेली १९३५ची आवृत्ती जगभर वापरली गेली. करवीरच्या आसपासच्या शेतकरी जैन समाजाच्या मंदिरांत ज्या समंतभद्र-अकलंकांची नावं घेतली जातात, ते संस्कृतातले कसलेले तार्किक आहेत. बौद्धांचं तर आणखी पुढचं. शांतरक्षिताचा तत्त्वसंग्रह आज वाचता येतो तो जैन भांडारांतल्या हस्तलिखितांमुळे. बडोद्याच्या गायकवाड मालेत तो १९२६ साली छापला गेला. आपली मतं खोडणारा बौद्ध ग्रंथ जैनांनी शतकानुशतकं जपला, कारण पूर्वपक्ष चांगला नसेल तर सिद्धान्त लंगडा पडतो हे त्यांना ठाऊक होतं. अभ्यासक्रमात ‘संस्कृत तत्त्वज्ञान’ म्हणून नुसता वेदान्त येतो तेव्हा हा अर्धा वाद गायब होतो, आणि बौद्ध तार्किक धर्मकीर्तीशिवाय उरलेला न्याय म्हणजे प्रतिस्पर्ध्याशिवाय खासबागेत उतरलेला पैलवान.

फाळणी सांधायचा एक प्रयत्न पुण्यात झाला होता, १९८३ साली. दया कृष्ण आणि मे. पुं. रेगे यांनी पुढाकार घेतला. रसेलची प्रतिज्ञप्तीविषयीची मतं आणि त्यांवरचे प्रश्न संस्कृतात उतरवून पंडितांपुढं ठेवले, आणि समोर पाश्चात्त्य परंपरेत शिकलेले प्राध्यापक बसले. चर्चा संस्कृतात आणि दुभाष्यांच्या मदतीनं. दिशा लक्षात घेण्याजोगी आहे. नेहमी संस्कृताचं इंग्रजी होतं. इथं रसेलला संस्कृतात यावं लागलं. आणि आल्याबरोबर अडचण उभी राहिली. रसेलला हवी असलेली, कुणाच्याही मनाबाहेर असणारी, खरी किंवा खोटी ठरणारी ‘प्रतिज्ञप्ती’ नावाची वस्तू न्यायाच्या घरात नाही. तिथं वाक्य आहे, वाक्यानं होणारा बोध आहे, आणि बाहेर वस्तू आहेत. मधलं चौथं काही मानायची गरज काय, असा नैयायिकाचा प्रश्न. हा प्रश्न रसेलला विचारण्याजोगाच आहे. असे मेळावे नंतर इतरत्रही झाले, पण विभागांच्या वेळापत्रकात ती रीत उतरली नाही.

आता नव्या शैक्षणिक धोरणामुळं पदवीच्या पहिल्या वर्षात भारतीय ज्ञानप्रणालीचे दोन क्रेडिट आले आहेत. दोन क्रेडिट म्हणजे तीस तास. त्या तीस तासांत वेद, आयुर्वेद, वास्तू, गणित, नाट्य, दर्शनं असं सगळं दाखवायची हौस दिसते, आणि मुलांच्या हाती नावांची यादी पडते. तेच तास एका पुस्तिकेला दिले तर? चार तास व्याख्येचे दोष आणि पूर्वपक्षाच्या खुणा. सहा तास पृथ्वीचं लक्षण, दीपिकेसह. आठ तास अनुमान आणि हेत्वाभास, म्हणजे फसवे हेतू. त्यात ‘अग्नी आहे म्हणून धूर आहे’ हे उलटं अनुमान का पडतं ते चुलवाणावर दाखवावं: चिपाड ओलं असेल तरच धूर होतो, म्हणजे ओलं जळण हा उपाधी, न सांगितलेली लपलेली अट, आणि तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असून धूर नाही. चार तास अभावाची भाषा. चार तास यथार्थ अनुभव आणि श्रीहर्षाची मूठ. उरलेले चार तास मुलांच्या आक्षेपांना. मूळ पाठ देवनागरीत हातात, चर्चा मराठीत. संस्कृत न शिकलेल्या मुलालाही वीस-पंचवीस शब्दांवर हे झेपतं, कारण दीपिकेचं वाक्य ठरावीक साच्यातलं असतं. शिकवणारे दोघे लागतील, एक तत्त्वज्ञानातून आणि एक संस्कृतातून, आणि दोघांनी एकाच तासाला वर्गात असलं पाहिजे. अडतं ते इथंच: एका तासाचा कार्यभार दोघांच्या नावावर दाखवायचा कसा, याला तक्त्यात रकाना नसतो.

पार्श्वभूमीला मराठी पुस्तक हवंच. इथल्याच फडके प्रकाशनानं काढलेलं श्रीनिवास हरि दीक्षितांचं ‘भारतीय तत्त्वज्ञान’ त्यासाठी पुरेसं आहे. दर्शनांचा नकाशा ते नीट देतं. फक्त नकाशावर परीक्षा घेऊ नये. ‘न्यायदर्शनातील अनुमानाचे स्वरूप स्पष्ट करा’ या प्रश्नाला उत्तर एकच असतं, आणि ते फोटोकॉपीच्या दुकानात मिळतं. त्याऐवजी दीपिकेचा एक परिच्छेद छापून द्यावा, पुस्तकं उघडी ठेवू द्यावीत आणि दोन तासांत तीन गोष्टी मागाव्यात: पूर्वपक्ष कुठं सुरू होऊन कुठं संपतो ते दाखवा; उत्तरानं आक्षेप मिटतो का ते सांगा; ग्रंथात नसलेला एक आक्षेप स्वतः घ्या. सोन्याच्या घटाचा आक्षेप वर्गात आधी सांगू नये. दरवर्षी कुणीतरी तो शोधून काढेल, आणि एखादा शहाणा विचारेल की चांदीचं काय, हुपरीला जाऊन पाहायचं का.